युद्धाच्या दिवसांत एकमेकांना धरून राहा



युद्ध लांब कुठेतरी पेटते. त्या देशांची नावेही आपल्याला धड माहीत नसतात. पण थोड्याच दिवसांत त्याची झळ यावल-रावेरच्या केळीला लागते, शिंदखेड्याच्या कापसाला लागते. जळगावचे चटईचे कारखाने आणि धुळ्याचे यंत्रमागही सुटत नाहीत. म्हणून काही गोष्टी सांगायच्या आहेत. सावकाश वाचा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट : युद्धाच्या भावाला भुलू नका

युद्धाने भाव चढतो आणि मग कोसळतो. हे आपल्या खानदेशात एकदा घडून गेले आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथल्या दक्षिण भागात गुलामांच्या कष्टावर कापूस पिकायचा आणि तो इंग्लंडच्या गिरण्यांना जायचा. उत्तरेने दक्षिणेची बंदरे अडवली आणि तो कापूस तुटला. मग व्यापारी आपल्याकडे वळले. खानदेशच्या आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे इतका भाव आला.

शेतकऱ्याने कापूस वाढवला. सावकार मागेल तितके देऊ लागला. कापसात माती, सरकी, पाणी मिसळून वजन वाढवण्याचे प्रकार इतके बोकाळले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. कर्ज मात्र जागच्या जागी राहिले. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. सावकारांच्या घरातली कर्जाची कागदपत्रे त्यांनी जाळली. अशी वेळ त्यांच्यावर आली होती.

म्हणून भाव चढला तर एवढे करा.

घरी लागणारी ज्वारी, बाजरी, तूर आधी पेरा. सगळे शेत एकाच पिकाला देऊ नका.

हाती आलेल्या पैशातून आधी पीककर्ज फेडा. पुढच्या वर्षीही हाच भाव राहील असे धरून ट्रॅक्टर घेऊ नका, लग्नाचा खर्च वाढवू नका.

सगळा माल एकाच दिवशी विकू नका. खेडा खरेदीत माल देताना काटा स्वतः पाहा आणि पावती घ्या.

युद्धात सोने महागते. मग गहाण ठेवून जास्त पैसे मिळतात, म्हणून मोह होतो. परवाना नसलेल्या सावकाराकडे दागिना ठेवू नका. जमिनीचे खरेदीखत तर मुळीच करून देऊ नका. तसे झाले असेल तर गप्प बसू नका. २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा तुमच्या बाजूने आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करा.

दुसरी गोष्ट : खताची काळजी आधीच करा

केळीला पालाश म्हणजे पोटॅश भरपूर लागते. ते आपल्या देशात निघत नाही. रशिया, बेलारूस, कॅनडा अशा देशांतून येते. २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेनचे युद्ध पेटले आणि पोटॅशचे पोते सुमारे १७०० रुपयांवर गेले. ती झळ केळीवाल्याने सोसली.

माती तपासून घ्या. लागेल तेवढेच खत द्या. घड कापल्यावर केळीचे खोड बांधावर फेकू नका. त्यात पालाश असते. तुकडे करून कुजवा आणि शेतातच घाला.

पोत्यावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त देऊ नका. मशीनची पावती मागा. एका खताबरोबर नको असलेले दुसरे काही दुकानदार गळ्यात मारत असेल, तर ते लिंकिंग आहे. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करा. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर गटाने जा.

आणि घरात साठा करू नका. तुम्ही जास्तीची पोती दडवलीत की शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी खताविना होते.

तिसरी गोष्ट : कारखान्यात हिशेब लेखी ठेवा

तेल महागले की प्लॅस्टिकचा दाणा महागतो. जहाजे अडली की माल गोदामात पडून राहतो. मग पाळी बंद होते, आणि सगळ्यात आधी कंत्राटी कामगार घरी बसतो.

हजेरीची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. पगाराची चिठ्ठी मागा. भविष्य निर्वाह निधी भरला जातो का ते पाहा. कामावरून बसवले तर तसे लेखी मागा.

महागाई भत्ता कामगाराला कोणी आपणहून दिलेला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले, धान्य आणि कापड महागले. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी या भत्त्यासाठी मोठा संप केला. आज महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी ठरतो. तो तुमच्या पगारात धरला आहे का, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जा. जाताना कायम आणि कंत्राटी कामगारांनी सोबत जावे. वेगवेगळे गेलात तर दोघांचेही कोणी ऐकणार नाही.

चौथी गोष्ट : परदेशच्या नोकरीची नीट चौकशी करा

युद्धाच्या देशांत माणसे कमी पडतात. मग दलाल गावापर्यंत येतात. चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून काही भारतीय तरुणांना रशियाला नेले आणि थेट युद्धाच्या आघाडीवर उभे केले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने याचा गुन्हा नोंदवला. काही मुले परत आलीच नाहीत.

मुलाला पाठवण्याआधी दलालाचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का ते पाहा. नोंदणीकृत दलालाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. पावती घ्या. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीला जाऊ देऊ नका. करार समजेल अशा भाषेत वाचून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. सैन्यातले ‘मदतनीसाचे’ काम सांगितले तर सरळ नाही म्हणा. शेत विकून तर कोणालाच पाठवू नका.

ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे कामाचे परवाने थांबवले आणि बांधकामासाठी भारतातून माणसे मागवली. आपल्या देशातल्या मोठ्या कामगार संघटनांनी याला विरोध केला. पोटासाठी गेलेल्या मुलाला मी दोष देणार नाही. पण आपण कोणाच्या जागी जात आहोत, हे त्याला ठाऊक असावे.

पाचवी गोष्ट : कष्टकऱ्याला शत्रू मानू नका

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आपल्या कापसाला भाव आला तेव्हा इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बंद पडल्या होत्या. लाखो माणसे उपाशी होती. अमेरिकेची अडवलेली बंदरे जबरदस्तीने उघडा, अशी मागणी त्यांनी केली असती तर कोणी नवल केले नसते. पण ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवली. गुलामगिरी संपली पाहिजे, आम्ही तुमच्या बाजूने आहोत, असे त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांना कळवले. जानेवारीत लिंकन यांनी त्यांना उत्तर पाठवून आभार मानले. अमेरिकेतल्या लोकांनी या कामगारांसाठी पिठाने भरलेले जहाज धाडले. स्वतःच्या पोटात अन्न नसताना त्या माणसांनी समुद्रापलीकडच्या गुलामांचा विचार केला.

आपली माणसेही मागे राहिली नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. पंडित नेहरू अध्यक्ष होते. मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा चालत तिथे आला होता. त्या मांडवात शेतकऱ्याच्या कर्जाचा, शेतसाऱ्याचा विचार झाला. साम्राज्यांच्या युद्धात भारताला ओढू नका, हेही तिथेच सांगितले गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. जपानच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईचे सुमारे ९०,००० कामगार युद्धाविरुद्ध एक दिवस संपावर गेले.

तुम्हाला चीनला जायचे नाही. तुमचे काम गावातच आहे.

गावातला जवान सीमेवर असेल तर त्याचे शेत पडीक राहू देऊ नका. इर्जिक करून नांगरून द्या. त्याच्या घरच्यांना कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत घेऊन जा. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणीत आपलेच भाऊ काम करतात. युद्धात त्यांच्यावर जादा पाळ्यांचा ताण येतो. त्यांच्या सुरक्षिततेची विचारपूस करा.

सातपुड्यातून कापूस वेचायला आलेल्या पावरा, भिल्ल मजुराची मजुरी महागाईच्या नावाखाली कापू नका. महागाई त्याच्याही चुलीपर्यंत पोहोचली आहे.

मोबाइलवर द्वेषाचा संदेश आला तर पुढे पाठवू नका. धुळ्याने दंगली पाहिल्या आहेत. संचारबंदी लागली की यंत्रमाग थांबतात, भाजीची गाडी थांबते, आणि हातावर पोट असलेल्याची चूल विझते. ते घर कोणत्या धर्माचे आहे, हे भूक विचारत नाही.

आता एवढे करा

येत्या आठवड्यात गावात किंवा कारखान्याच्या फाटकाशी एक बैठक घ्या. बायकांनाही बोलवा, कारण घरखर्चाची ओढाताण त्यांना जास्त कळते. कोणाला खत मिळाले नाही, कोणाचे काम गेले, कोणाचा मुलगा परदेशात आहे, याची यादी करा. तक्रारी एका अर्जावर लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा.

येत्या आखाजीला सालदाराचे साल ठरवताना वाढलेल्या किराण्याचा हिशेब त्याच्यासमोर मांडा आणि त्याप्रमाणे वाढ द्या. मोठ्या देशांची युद्धे थांबवणे आज आपल्या हातात नाही. सालदाराला न्याय देणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. सुरुवात तिथून करा.