सरमेचा मुलगा

नागपूरच्या माणसाला परगावचा पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो उन्हाळ्याचा. आम्हीही २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता हे अशा थाटात सांगतो, की जणू घरातला मुलगाच बोर्डात पहिला आला आहे. हिवाळ्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे हाच पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, ही गोष्ट सांगायला गेलो तर पाहुणा चहात लक्ष घालतो. महालातल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्याला विचारा. फरशी बर्फाची होते, मोरीतले पाणी चावते, आणि सकाळी साडेसातचा तास ज्याने मागून घेतला तो आपण स्वतःच होतो का, अशी शंका येऊ लागते.

अशा थंडीत सुज्ञ माणूस गोधडीत राहतो. आमच्या घरात आम्ही तिघेजण सुज्ञ आहोत. चौथा मोत्या.

मोत्या दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आला. बडकस चौकाच्या बाजूला एका हातगाडीखाली भिजत बसलेले हे पिल्लू कन्येने ओढणीत गुंडाळून आणले. त्याचे नाव ब्रूनो असावे, असा तिचा आग्रह होता. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात ब्रूनो भुंकणार नाही, हे मी निक्षून सांगितले. जात विचाराल तर अस्सल गावठी. पुढे त्याचे पाय लांब झाले, कंबर बारीक झाली, तेव्हा एका स्नेह्याने त्याच्या अंगात कारवानी कुत्र्याचे रक्त असावे असे सुचवले. तेव्हापासून आम्ही त्याच्या घराण्याविषयी थोडे मोघम बोलतो.

उन्हाळ्यात मोत्यासारखे सालस जनावर दुसरे नाही. दिवसभर मोरीच्या ओल्या दगडावर जीभ काढून पडलेला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. बाकीची उष्णता जिभेवाटे, धापा टाकून बाहेर घालवायची. त्यामुळे मे महिन्यात तो आणि मी सारखेच निपचित असतो आणि आमचे चांगले जमते. पहिली थंडी पडली की वाटा फुटतात. माझी हालचाल ज्या दिवशी थांबते त्या दिवसापासून त्याची सुरू होते. पहाटे पाचला पायाशी गोधडी ओढणे, साडेपाचला दारावर पंजा, सहाला ओसरी ते माडी अशा शर्यती. आणि आम्ही? मी कॉलेजात, सौभाग्यवती बँकेत, कन्या अकरावीत. जाताना वाऱ्यासाठी दारे-खिडक्या बंद. वर्षातला सर्वांत उत्साहाचा काळ त्या बिचाऱ्याने बंद खोलीत काढावा, अशी आम्ही चोख व्यवस्था केली होती.

गेल्या वर्षी डिसेंबरात त्याने दोन चपला, एक पायपुसणे आणि कापसाची एक अख्खी उशी निकालात काढली. शेजारच्या काकू एके दिवशी अंगणात वाळवण उचलता उचलता म्हणाल्या, “सर, दिवसभर रडतं हो तुमचं कुत्रं. कोणी गेलं की काय असं वाटतं.”

मी हसून वेळ मारून नेली. काकू हसल्या नाहीत.

पुढे जे घडले ते सांगायला मला लाज वाटते. पण दिवाळीच्या अंकात आपण सगळेच आपापली घरे झाडून-पुसून दाखवतो. एखादा कोपरा जसा आहे तसा दाखवायलाही हरकत नसावी.

माझी आई जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. तिची तपकिरी लोकरी शाल माडीवरच्या खोलीत, ट्रंकेवर घडी करून ठेवलेली असे. कोणी पांघरीत नसे आणि कोणी हलवीतही नसे. एका संध्याकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून मी घरी आलो. डोके आधीच तापलेले. माडीवर जाऊन पाहतो तो शालीच्या एका टोकाला वीतभर भोक पडलेले, लोकरीचे धागे जमिनीवर विखुरलेले आणि शेजारी मोत्या शेपूट हलवीत उभा. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. मी पायातली चप्पल काढली.

तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवांची कथा मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. त्या दिवशी मीही कुत्र्यामागे धावलो. हातात वाटी नव्हती, एवढाच फरक.

तीन-चार तडाखे बसले असतील. तो ओरडला नाही. कन्या मात्र जिन्यात उभी राहून ओरडली, “बाबा, पुरे!” त्यानंतर मोत्या मी खोलीत आलो की उठून दुसऱ्या खोलीत जाई. त्याने धावणे सोडले, पहाटे गोधडी ओढणे सोडले. घरात हवी होती तशी शांतता झाली आणि ती कोणालाच सोसवेना.

चौथ्या दिवशी, रविवारी, ट्रंक हलवली तेव्हा मागे उंदरांचे घरटे सापडले. तपकिरी लोकरीचे, सुबक, उबदार. आत बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्ले. थंडी त्यांनाही होती.

सौभाग्यवतींनी घरट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “अहो, आता कोणाला मारता?” एवढेच म्हणाल्या.

त्या रात्री मला सरमा आठवली. महाभारताची कथा कुठून सुरू होते असे विचारले, तर आपण शंतनूपासून सांगू लागतो. पण आदिपर्वातल्या पौष्यपर्वात आरंभीच एका कुत्र्याची तक्रार आहे. जनमेजयाचे सत्र चालू असते. देवांच्या कुत्रीचा, सरमेचा मुलगा तिथे येतो. राजाचे भाऊ त्याला बडवतात. तो रडत आईकडे जातो. तू हविष्याला तोंड लावलेस का, हवीकडे पाहिलेस तरी का, असे ती विचारते. तो नाही म्हणतो. मग सरमा थेट यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. राजकुलाला उत्तर सुचत नाही. ज्याअर्थी निरपराध्याला मारलेत, त्याअर्थी तुमच्यावर न दिसणारे संकट येईल, असे ती सांगून जाते. राजा घाबरून पुरोहित शोधत फिरतो. आणि इतक्या पर्वांनंतर, महाप्रस्थानाच्या वाटेवर, त्याच कुळातला युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात पाऊल ठेवायला नकार देतो. पहिल्या कुत्र्याचे देणे शेवटच्या कुत्र्यापाशी फिटले, असे व्यासांना सुचवायचे होते की काय, कोण जाणे. मला मात्र माझे देणे फेडायचे होते, आणि हिमालय महालापासून फार लांब आहे.

मग मी जरा वाचू लागलो. माझ्या ध्यानात आले ते एवढेच, की मोत्या खोडकर नव्हता, बेकार होता. कुत्र्याची जात माणसाने हजारो वर्षे कामाला लावली. राखण, शिकार, गुरे वळणे. काम काढून घेतले, पण अंगातली उमेद काढून घेता आली नाही. चालण्याइतकेच त्याला हुंगणे लागते. त्याच्या नाकाला आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक कळते. आपण वर्तमानपत्र वाचतो तसे तो कोपरे वाचतो. आणि मी त्याला साखळीने ओढत, दहा मिनिटांत चौकातून परत आणीत असे, म्हणजे मथळाही पुरा वाचू देत नसे.

आता आम्ही पहाटे सहाला निघतो. कानटोपी, मफलर, मोत्या. चिटणीस पार्कावरून गांधी गेट. पूर्वी याला जुमा दरवाजा म्हणत. तिथून गांधीसागरापर्यंत. पोह्यांच्या गाड्यांवर तर्रीचा वास सुटलेला असतो, आम्ही दोघेही तिथे रेंगाळतो. तो जिथे थांबेल तिथे मी थांबतो. अंतर तेवढेच, पण परतल्यावर तो निवांत झोपतो.

घरी एक जुने पोते धुऊन ठेवले आहे. त्याच्या घड्यांत भाकरीचे तुकडे दडवायचे, गुंडाळी करायची आणि कॉलेजला निघताना त्याच्या स्वाधीन करायची. अर्धा तास तो त्या पोत्यात पीएच.डी. करतो. संध्याकाळी कन्या माडीवर लपते आणि तो तिला शोधतो. सौभाग्यवती जुन्या साडीच्या वेणीने त्याच्याशी रस्सीखेच खेळतात आणि हरतात. मी त्याला ‘बस’, ‘थांब’, ‘आण’ शिकवतो, एका वेळी दहाच मिनिटे. त्याहून अधिक वेळ माझे विद्यार्थीही ऐकत नाहीत. चघळायला थंडीतले ताजे गाजर. आणि सणाचे दिवस आहेत म्हणून मुद्दाम सांगतो: फराळाच्या ताटातले बेदाणे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला देऊ नका, बाधतात. शिजवलेले हाडही नको, त्याच्या कपच्या होतात.

वाचताना मध्येच लायका भेटली. मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री. थंडी आणि भूक सोसलेली म्हणून निवडलेली. बंदिस्त जागेची सवय व्हावी यासाठी या कुत्र्यांना अधिकाधिक लहान पिंजऱ्यांत ठेवीत गेले. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ती अंतराळात गेली. परत आणण्याची सोय मुळातच नव्हती. काही तासांतच यानातल्या उष्म्याने ती गेली, हे जगाला २००२ मध्ये समजले. पण उड्डाणापूर्वी तिथल्या एका शास्त्रज्ञाने तिला आपल्या घरी नेले होते, मुलांबरोबर खेळायला. तिच्यासाठी दुसरे काही करणे त्याच्या हाती नव्हते. माझ्या हाती बरेच काही होते. एक पोते, एक भाकरी आणि रोजचा तासभर.

मोत्याने मला क्षमा केली की काय, ते सांगता येत नाही. पहिले आठ दिवस तो माझ्या हातचा तुकडा घेत नसे. मी जमिनीवर ठेवून मागे सरलो की घेई. नवव्या दिवशी हातातून घेतला. पण आजही मी चप्पल हातात उचलली, मग ती झटकायला का असेना, तो क्षणभर थबकतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. सरमेचे न दिसणारे संकट म्हणतात ते बहुधा एवढेच असावे.

शाल कन्येने रफू केली. ती आता ट्रंकेवर नसते. रात्री गारठा वाढला की मोत्याच्या पाठीवर असते. आईला कुत्र्यांचे प्रेम नव्हते, पण थंडीत कोणी उघडे निजलेले तिला चालत नसे.

काकू परवा म्हणाल्या, “सर, हल्ली रडत नाही हो ते.” आणि माघारी जाताना पदराआडून भाकरीचा चतकोर काढून माझ्या हाती दिला. “पोत्यात घाला.”

हवेत गारवा आला आहे. पोते धुऊन वाळत घातले आहे.