आधी हात, मग सुई, मग स्कॅन

स्तनात गाठ लागली की घरात जी चर्चा सुरू होते, तिच्यात हल्ली एक वाक्य हमखास येते : ‘एकदाच तो पेट स्कॅन करून टाकू, म्हणजे सगळे कळेल.’ पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा फोनवरचा सल्लाही बहुतेक वेळा हाच असतो. नाशिकमध्ये आता ही तपासणी होते, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र ‘सगळे कळेल’ ही अपेक्षा चुकीची आहे. या चुकीत पैसा तर जातोच, पण त्याहून मोलाचा वेळ जातो.

पेट स्कॅन हा अणुवैद्यकाचा, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिनचा एक प्रकार. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी गाठीचा आकार, कडा, घनता दाखवतात. अणुवैद्यकाची पद्धत वेगळी आहे. शिरेतून अगदी थोडे किरणोत्सारी औषध देतात. जिथे पेशींची लगबग जास्त, तिथे ते जास्त साठते आणि बाहेरचा कॅमेरा ते टिपतो. रात्री पांडवलेण्याच्या डोंगरावरून शहर पाहिले तर इमारतींची रचना नीट कळत नाही, पण कोणत्या खिडक्यांत दिवे आहेत ते कळते. तसेच काहीसे हे चित्र असते. मात्र उजळलेल्या खिडकीमागे चोर आहे की अभ्यास करणारा विद्यार्थी, हे दिव्यावरून ठरत नाही.

स्तनासाठी या पद्धतीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात टेक्निशियम हे मूलद्रव्य जोडलेले सेस्टामिबी नावाचे औषध वापरतात. मुळात हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या या औषधाला अमेरिकेत १९९७ मध्ये स्तनांच्या तपासणीसाठीही मान्यता मिळाली. दुसरा प्रकार म्हणजे पेट-सीटी. त्यात साखरेसारखे एफडीजी हे औषध देतात, कारण बहुतेक कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी ओढून घेतात.

महाराष्ट्राला हे शास्त्र नवे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात काम करते आहे. देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये तिथेच बसला. टेक्निशियमची सोय तुलनेने सोपी आहे. रुग्णालयात एक जनरेटर आणून ठेवतात आणि त्यातून आठवडाभर रोज टेक्निशियम ‘काढतात’. या क्षेत्रातले लोक त्याला गंमतीने दुभती गायच म्हणतात. एफडीजीचे तसे नाही. त्याचा किरणोत्सार साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो. ते मुंबईहून रस्त्याने नाशिकला आणायचे आणि वाटेत पावणेचार तास गेले, तर जेमतेम एक चतुर्थांश उरते. तपासणी महाग का आणि दिलेली वेळ चुकवायची का नाही, याचे एक कारण हेही आहे.

या तपासण्या कुठे उपयोगी पडतात? गाठ मोठी असेल, त्वचेपर्यंत किंवा काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोहोचल्याची चिन्हे असतील, तर तो हाडे, यकृत, फुप्फुस इथे पसरला आहे का, हे पेट-सीटी एका फेरीत दाखवते आणि त्यावरून उपचारांचा क्रम बदलू शकतो. उपचारांनंतर आजार परतल्याची शंका आली तरीही ती मोलाची ठरते. शस्त्रक्रियेच्या वेळी काखेतली पहिली लसिकाग्रंथी शोधण्यासाठी टेक्निशियमयुक्त औषध वापरता येते. ती ग्रंथी स्वच्छ निघाली तर बाकीच्या काढाव्या लागत नाहीत आणि पुढे हात सुजण्याचा त्रास टळतो. स्तन दाट असल्याने मॅमोग्राफीत नीट दिसत नसेल आणि पेसमेकर किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे एमआरआय करणे अवघड असेल, तर सेस्टामिबीची तपासणी पूरक म्हणून मदत करते.

‘पूरक’ हाच इथला महत्त्वाचा शब्द. एक सेंटिमीटरहून लहान गाठ या तपासण्यांतून निसटू शकते. काही सावकाश वाढणारे कर्करोग साखर फारशी ओढत नाहीत, ते पेटमध्ये फिके दिसतात. उलट क्षयाच्या गाठी आणि साधी सूजही पेटमध्ये चमकते. क्षयरोग घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात हा मुद्दा छोटा नाही. शिवाय किरणोत्साराचा हिशेब आहे. मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट इतका मारा होतो. सेस्टामिबीच्या कमी मात्रेच्या तपासणीतही तो २.४ च्या आसपास जातो आणि तो फक्त स्तनाला नव्हे, सगळ्या शरीराला मिळतो. पेट-सीटीत तो याहून बराच जास्त असतो. गरज असेल तेव्हा हा धोका पत्करण्याजोगा आहे. तक्रार नसलेल्या बाईने ‘चेकअप’ म्हणून तो पत्करण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगून ठेवले आहे की, पसरण्याचा धोका कमी असलेल्या सुरुवातीच्या स्तनकर्करोगात पेट, सीटी किंवा हाडांचा स्कॅन करू नये.

मग लोक स्कॅनकडे का धावतात? माझ्या मते त्याचे एक मोठे कारण सुईची भीती आहे. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हा समज नाशिक शहरातल्या सुशिक्षित घरांतही आहे आणि सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरही. स्कॅनमध्ये कुणी गाठीला हात लावत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. खरे तर जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून केलेल्या बायोप्सीमुळे आजार पसरत नाही. उलट त्या तुकड्याशिवाय निदानच पुरे होत नाही. कर्करोग आहे की नाही, असल्यास तो हार्मोनच्या गोळ्यांना दाद देईल का, हर-२ प्रकारचा आहे का, हे तो तुकडाच सांगतो आणि औषधे त्यावर ठरतात. पेटचा अहवाल हातात असूनही बायोप्सी करावीच लागते. ती आधी केली असती तर अनेकींना पेटची गरजच पडली नसती. त्याहून वाईट म्हणजे स्कॅन ‘स्वच्छ’ आला म्हणून हाताला लागणारी गाठ तशीच ठेवून देणे.

ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार बायका दगावल्या. या अंतराचे मुख्य कारण उशिरा होणारे निदान हे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधी तरी स्तनांची तपासणी झालेल्या बायका देशभरात १ टक्काही भरल्या नाहीत.

या प्रश्नावर सर्वांत मोलाचा पुरावा मुंबईच्याच वस्त्यांतून आला आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तशी घट दिसली नाही, हेही सांगायला हवे. तरीही मॅमोग्राफीचे यंत्रसुद्धा न वापरता एवढा फरक पडला.

नाशिक जिल्ह्याला याचा अर्थ नीट लावता येईल. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात स्कॅनरपेक्षा जास्त निकड आहे ती ठरलेल्या वाटेची. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीपुढच्या बायकांची स्तन तपासणी दर पाच वर्षांनी गावपातळीवर व्हायची आहे. ती कागदावर न राहता झाली पाहिजे. गाठ लागलेल्या बाईसाठी जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस असा हवा, की त्याच दिवशी शल्यचिकित्सक तपासेल, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी होईल आणि लागल्यास सुईने तुकडाही काढला जाईल. सुरगाण्याहून घाटरस्त्याने येणाऱ्या किंवा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत रोजाने जाणाऱ्या बाईचा प्रत्येक फेरीला एक दिवसाचा रोज बुडतो. तीन फेऱ्या सांगितल्या तर ती दुसरीलाच येत नाही. ‘हंगाम झाल्यावर बघू’ म्हणते, आणि तेवढ्यात गाठ काखेपर्यंत पोहोचते.

खासगी रुग्णालयांकडूनही एक अपेक्षा आहे. स्कॅन लिहून देताना ‘याचा अहवाल कसाही आला तरी उपचारात काय बदलेल?’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला द्यावे. रुग्णानेही तो विचारायला संकोचू नये. उत्तर नेमके मिळाले तर स्कॅन जरूर करावा, प्रसंगी कर्ज काढूनही. नाही मिळाले तर तेच पैसे बायोप्सी आणि उपचारांसाठी राखून ठेवावेत.

आणि हे वाचताना कुणाला आपल्या किंवा आईच्या, बहिणीच्या छातीत लागलेली गाठ आठवली असेल, तर या आठवड्यातच डॉक्टरांना हात लावून तपासू द्या. बहुतेक गाठी साध्याच निघतात. जी साधी नसते, तिला आपण दिलेला प्रत्येक महिना तिच्याच फायद्याचा असतो.