पीआर घेताय? हवा बघून घ्या!

परदेशात सेटल व्हायचं पक्कं झालं की आपली पिढी सगळ्यात आधी काय करते? एक्सेल शीट उघडते. टोरांटो, मेलबर्न, लंडन, सिंगापूर, दुबई अशी शहरं एकाखाली एक. आणि समोर पॅकेज, टॅक्स, घरभाडं, पीआर किती वर्षांत, मुलांच्या शाळा, भारतात डायरेक्ट फ्लाइट आहे का, वगैरे वगैरे. पगाराचा हिशेब तर अगदी पैशापर्यंत. आणि सगळ्यात शेवटी एक बिचारा कॉलम असतो, ‘वेदर’. त्यात काय लिहिलेलं असतं? ‘थंड’, ‘मस्त’, ‘पाऊस जरा जास्त’. मंडळी फारच सिरियस असतील तर एक आकडा, सरासरी तापमान. झालं!

आता गंमत बघा. पगार वाढतो, घर बदलतं, बॉससुद्धा बदलतो. एकदा तिथे राहायला गेल्यावर न बदलणारी गोष्ट एकच, बाहेरची हवा. आणि तिचाच अभ्यास आपण ऑनसाइट जाऊन आलेल्या कलीगच्या फोटोंवरून करतो. तो गेलेला असतो जूनमध्ये. लंडनला जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत लख्ख उजेड, पार्कात लोळणारे लोक, हातात आइस्क्रीम. तो खोटं बोलत नसतो हो. फक्त त्याने डिसेंबर बघितलेला नसतो.

डिसेंबरात लंडनला सूर्य सकाळी आठच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो. दिवस जेमतेम आठ तासांचा. आपल्या पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. थंडीचं काय घेऊन बसलात? जानेवारीतल्या दुपारी लंडनला सात-आठ अंश असतात आणि आपल्या निफाडला एखाद्या पहाटे पारा त्याच्याही खाली जातो. पण निफाडला अकरा वाजता ओट्यावर ऊन येतं, माणूस पाठ शेकत बसतो. लंडनला ते ऊनच येत नाही. अंधारात ऑफिसला जायचं, अंधारात घरी यायचं. म्हणजे प्रश्न किती डिग्री हा नाहीच. प्रश्न किती उजेड हा आहे.

हे काही नाजूक प्रकृतीचे लाड नाहीत. नॉर्मन रोझेन्थाल नावाचे डॉक्टर १९७६ मध्ये जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला राहायला गेले. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात आपलं काहीतरी बिनसतंय, कामाचा उरक कमी होतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे १९८४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचं वर्णन पहिल्यांदा शास्त्रीय निबंधात केलं आणि त्याला नाव दिलं, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. खूप झोप येणं, गोडधोड खावंसं वाटणं, लोकांना टाळणं आणि वसंत आला की आपोआप बरं वाटणं. आपल्याकडे याला सरळ ‘आळस’ म्हणून मोकळे होतात.

त्यात आपला सावळा रंग. गोऱ्या कातडीपेक्षा आपल्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं. म्हणून ब्रिटनचं आरोग्य खातं सगळ्यांना सांगतं की ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा विचार करा. आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना सांगतं, तुम्ही वर्षभर घ्या. एक्सेल शीटमध्ये आहे का हो हा कॉलम?

पावसाचंही तसंच. लंडन म्हणजे पाऊस, असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात लंडनला वर्षभरात मिळून साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षाही थोडा कमीच. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात किती पडला होता? ९४४! पण आपला पाऊस चार महिने धो धो कोसळतो आणि मग आठ महिने रजेवर जातो. त्यांचा पाऊस बारा महिने पार्टटाइम नोकरी करतो. छत्री उघडावी की नको, अशा बेताने. मिलिमीटर बघू नका, पावसाचे दिवस मोजा. आणि त्याच्या शेजारी उन्हाचे तास लिहा.

उन्हाचे तास हा आकडा किती कामाचा आहे, हे कॅनडातल्या कॅल्गरीकडे बघून कळतं. कॅल्गरी जवळपास लंडनच्याच अक्षांशावर. डिसेंबरातला दिवस तेवढाच लहान, आणि थंडी तर कित्येक पट जास्त. उणे तीसचे दिवसही येतात. पण वर्षाला सुमारे २,४०० तास ऊन. लंडनला दीड हजारांच्या थोडं वर. बर्फावरून चमकणारं ऊन, कोरडी हवा, आणि मधूनच पर्वतांवरून येणारा ‘शिनूक’ नावाचा उबदार वारा, जो काही तासांत पारा वीसेक अंशांनी चढवतो. उणे दहामध्येही उन्हात फिरणारा कॅल्गरीकर खूश दिसतो आणि अधिक सहामध्ये ओलाचिंब झालेला लंडनकर कावलेला. कागदावर कोण जिंकेल? लंडन. आयुष्यात? ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता दुसरा न विचारलेला प्रश्न, घर कसं आहे? हवामान बाहेर असतं, पण आपण राहतो आत. टोरांटोला बाहेर बर्फ, पण घरात सेंट्रल हीटिंग. डाउनटाउनमध्ये तर ‘पाथ’ नावाचं ३० किलोमीटर लांबीचं पादचारी मार्गांचं जाळं, बहुतेक जमिनीखालून. जाकीट न चढवता स्टेशनातून ऑफिसात आणि तिथून लंचला. याउलट ऑकलंड. हवा कशी? एकदम झकास, बर्फ बघायलासुद्धा मिळत नाही. पण हिवाळ्यातल्या रात्री सात-आठ अंश झाले की जुन्या लाकडी घरांत थंडी सरळ आत येऊन बसते. तिथे नव्या घरांना इन्शुलेशन सक्तीचं झालं ते १९७८ मध्ये. त्याआधीची घरं कितीतरी. शेवटी २०१९ मध्ये सरकारने भाड्याच्या घरांसाठी नियम केले. बैठकीची खोली किमान १८ अंशांपर्यंत गरम करता येईल असा हीटर हवाच, म्हणून. म्हणजे हवा ‘माइल्ड’ म्हणून गेलात आणि घरात कानटोपी घालून बसलात, असं व्हायचं!

‘थंडी नकोच बाबा’ म्हणणाऱ्यांसाठी सिंगापूर आणि दुबई. सिंगापूर विषुववृत्ताला टेकलेलं. डिसेंबर आणि मे यांच्यात फरक दोनेक अंशांचा. मुंबईकराला आपलं गाव वाटेल, फक्त मे महिना बारा महिन्यांचा. ली क्वान यू एअर कंडिशनरला सिंगापूरसाठी सगळ्यात महत्त्वाच्या शोधांपैकी एक मानत, ते उगीच नाही. नागपूरकर म्हणतात, ‘आम्हाला दुबईचं काय सांगता, आमचा ४५ चा उन्हाळा!’ बरोबर आहे. पण नागपूरचं ऊन कोरडं. तिथे वाळ्याचे ताटे लावलेला कूलर चालतो, कारण कोरड्या हवेत पाणी चटकन उडतं. दुबई समुद्रकाठी. ऑगस्टात हवेत इतकी वाफ की कूलर नुसता पाणी फेकतो आणि अंगावरचा घाम वाळत नाही. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. नोव्हेंबर ते मार्च मात्र दुबई स्वर्ग. म्हणजे टोरांटोत हिवाळा कोंडतो, दुबईत उन्हाळा. कोंडून घ्यायचे महिने कुठले, एवढंच आपल्या हातात.

मेलबर्नला तर हवा चक्क आजारी पाडू शकते, हे किती जणांना माहीत आहे? २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी तिथे वादळ आलं. गवताचे परागकण फुटून त्यांची बारीक भुकटी शहरभर पसरली आणि हजारो लोक दम लागून हॉस्पिटलांकडे धावले. १० जण दगावले. लोकसंख्येच्या मानाने भारतीय आणि श्रीलंकन वंशाचे लोक त्यात जास्त होते. कित्येकांना आधी दमा नव्हताच, फक्त वसंतात शिंका यायच्या. मेलबर्न सुंदरच आहे, जरूर जा. पण घरात कुणाला ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलून जा.

मग बारा महिने मस्त हवा असलेली जागा नाहीच का? आहे की. कोलंबियातलं मेडेयीन, केनियातलं नैरोबी. विषुववृत्ताच्या जवळ पण दीड-दोन हजार मीटर उंच, त्यामुळे पंखाही नको आणि हीटरही नको. पण आपल्या कंपनीची ओपनिंग्ज तिथे क्वचित निघतात. आणि जिथे हवा आणि नोकरी दोन्ही आहेत, त्या कॅलिफोर्नियात घरांच्या किमती ऐकून घाम फुटतो. तिथेही सावध राहा. सॅन फ्रान्सिस्कोला भर जुलैत धुकं आणि दुपारी विसाच्या आतबाहेर. मुंबई-लोणावळ्याएवढ्या अंतरावरच्या सॅन होजेला तेव्हा २७-२८. ऑफर लेटरवर ‘बे एरिया’ लिहिलेलं असतं, पण हवा गल्लीनुसार बदलते.

शिवाय ही सगळी कोष्टकं जुन्या हवामानाची. जून २०२१ मध्ये कॅनडाच्या लिटन गावात ४९.६ अंश नोंदले गेले आणि दुसऱ्याच दिवशी गाव जळून खाक झालं. त्या लाटेत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ माणसं उष्म्याने गेली, जवळजवळ सगळी घरातच. एसीची कधी गरजच पडली नव्हती ना! ब्रिटननेही १९ जुलै २०२२ ला ४०.३ अंश पाहिले. ‘थंड देश’ म्हणून जाताना आता पंख्याचाही कॉलम ठेवा.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, ठरलं तर मग, कॅलिफोर्नियाच! थांबा. १९९८ मध्ये डेव्हिड श्केड आणि डॅनिएल काह्नेमान या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या थंड मिडवेस्टमधल्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? दोन्हीकडचे सारखेच निघाले. पण कोण जास्त सुखी असेल असं विचारल्यावर दोन्हीकडचे म्हणाले, कॅलिफोर्नियावाले. चांगल्या हवेमुळे माणूस सुखी होईल, हे दुरून वाटतं. तिथे राहणाऱ्याच्या डोक्यात डेडलाइन, ईएमआय आणि सासूबाईच असतात.

तेव्हा माझं साधं म्हणणं असं. हवा चांगली म्हणून शहर निवडू नका. पण हवा सोसणार नाही म्हणून शहर जरूर नाकारा. चांगली हवा सुख देईलच असं नाही. पण पाच महिन्यांचा अंधार किंवा चार महिने बंद खिडक्या एखाद्याला खरंच आजारी पाडू शकतात. प्रश्न एवढाच, कुणाला?

ज्याची नोकरी आहे त्याला कमीच. तो गरम घरातून गरम गाडीत आणि तिथून गरम ऑफिसात. हवामान खऱ्या अर्थाने भोगतं कोण? जो डिपेन्डन्ट व्हिसावर गेलाय तो. बऱ्याचदा ती. फेब्रुवारीतल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता बाहेर चिखल झालेला बर्फ, बाबागाडी ढकलता येत नाही, ओळखीचं कुणी नाही आणि उजेड जायला लागलाय. ती फोनवर आईला ‘सगळं छान आहे’ सांगते. नवरा सातला घरी येऊन विचारतो, ‘आज काय केलंस?’ अशा वेळी भांडण हवेवरून होत नाही. ते भाजीवरून होतं, फोनवरून होतं. दोन हिवाळ्यांनंतर ‘आपण परत जाऊ या’वर येतं. तोवर घर घेतलेलं असतं.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, शहर त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात बघा. लंडन-टोरांटो जानेवारीत, दुबई ऑगस्टात. जाणं जमत नसेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाला त्याच महिन्यात व्हिडिओ कॉल करा, आणि खिडकीबाहेर कॅमेरा धरायला सांगा. दोन, ‘हवा कशी आहे’ असं विचारू नका. ‘मंगळवारी दुपारी तीनला तुम्ही कुठे असता’ हे विचारा. लायब्ररी, मुलांचा प्लेग्रुप, स्विमिंग पूल, चालत जाण्यासारखं काही आहे का, ते कळेल.

आणि तीन, एक्सेल शीटमधला तो वेदरचा कॉलम पगार मिळवणाऱ्याने भरू नये. जो दिवसभर घरी असणार आहे, पेन त्याच्या हातात द्या. उत्तर ‘नाही’ आलं तर वाद न घालता पुढच्या ओळीतलं शहर बघा. शहरं भरपूर आहेत हो!