परसातल्या रेल्वेचा उपयोग काय? काहीच नाही!

माझ्या मालकीची एक रेल्वे आहे. बार्शीतल्या आमच्या घराच्या परसात, उघड्यावर, मातीत बसवलेली. लांबी २४ मीटर, दोन रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर. एक इंजिन, दोन डबे आणि एक उघडी वाघीण. गाडी जिथून निघते तिथेच परत येते. आजवर तिने केलेली एकमेव मालवाहतूक म्हणजे आजीसाठी नेलेली सुपारी, आणि तीही वळणावर सांडली.

ही रेल्वे मी तीन वर्षं बांधतोय. या तीन वर्षांत तीन जणांनी मला एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारलाय.

काका म्हणाले, "एवढ्या जागेत चार गाळे निघतील. दर महिन्याला भाडं येईल. तुझ्या आगगाडीतून काय मिळतं?"

ऑफिसमधली टीम लीड म्हणाली, "अरे, हे भारी कंटेंट आहे! चॅनेल काढ, रील्स टाक. एवढे कष्ट फुकट का घालवतोस?"

कॉलेजचा मित्र म्हणाला, "सिम्युलेटर घे ना. जगातले सगळे मार्ग मिळतील आणि हात पण खराब होणार नाहीत."

तिघंही माझ्या भल्यासाठीच बोलतात, म्हणून मी तिघांनाही इतके दिवस गुळमुळीत उत्तरं दिली. आता सरळ देतो.

आधी वस्तू काय आहे ते

बागेतली रेल्वे हा प्रकार आपल्याकडे नवा वाटतो, पण इंग्लंड-जर्मनीत तो जुना आहे. ४५ मिलिमीटरचा हा गेज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खेळण्यांत वापरात होता. १९६८ मध्ये न्युरेनबर्गच्या लेहमान कंपनीने एलजीबी नावाची गाडी बाजारात आणली. ऊनपावसात, बर्फात बाहेर चालेल अशी. बागेतली रेल्वे साध्या घरांपर्यंत पोचली ती प्रामुख्याने तिच्यामुळे.

माझी गाडी मात्र एलजीबीची नाही. ती बार्शी लाइट रेल्वेची आहे, म्हणजे तिची सतरापट लहान केलेली आठवण. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्सी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गेजची लाइन सुरू केली. त्याचा हिशेब साधा होता. कुठल्याही धुरीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवर, कमी पैशांत रेल्वे होते. पुढे लाइन पंढरपूरला, लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. इथे शिकलेलं कॅल्थ्रॉपने नंतर इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेत वापरलं. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंदही पडली. आपली गाडी मात्र एकविसावं शतक बघून, ब्रॉडगेज झाल्यावर गेली.

अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले १७, उत्तर ४४.८. माझ्या रुळांत ४५. हा हिशेब जुळला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. प्रॉडक्शनला मोठं रिलीज गेल्यावरही मला अशी झोप न लागल्याचं आठवत नाही. म्हणजे तेव्हाही झोप लागत नाही, पण कारण वेगळं असतं.

काकांना उत्तर

काका, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एक सोपं उत्तर तयार होतं. "यातून मी शिकतो." आणि ते खोटंही नाही.

पहिल्या वर्षी मी रूळ थेट मातीवर बसवले. आपल्याकडची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. जुलैत पूर्वेकडचं वळण वर आलं, मे महिन्यात तेच खाली बसलं आणि गाडी रोज त्याच जागी घसरायला लागली. माझी डिग्री कम्प्युटरची. चार वर्षांत मातीला हात लावायची वेळ आली नव्हती. शेवटी शेजारच्या बांधकामावरच्या मिस्त्रींना विचारलं. ते हसले. "दादा, काळी काढा. हातभर उकरा, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा. मग वर बारीक खडी." तसं केलं. पाणसळ लावून पातळी बघताना ते पुन्हा हसले, "एवढ्या पातळीत तर आम्ही घरं पण बांधत नाही."

मग रूळ. पितळेचे आयात केलेले रूळ मला परवडणारे नव्हते. म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, १० बाय ३ ची. गाडी बॅटरीवर चालते, त्यामुळे रुळातून वीज जायची गरज नाही. सुताराकडे उरलेल्या सागाच्या तुकड्यांचे ३०० स्लीपर कापले. प्रत्येकात दोन खाचा, म्हणजे ६०० खाचा. आणि एप्रिलमध्ये कळलं की ॲल्युमिनियम तापल्यावर वाढतं. थंडीतली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत पट्टीच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर १० मीटरला ११ मिलिमीटरहून जास्त. मी सांध्यांत फट ठेवलीच नव्हती. एका दुपारी सरळ रूळ सापासारखा वाकडा होऊन पडला होता. जुन्या गाड्यांचा तो खडखड आवाज कुठून यायचा, हे त्या दिवशी कळलं. तो त्या फटींचा आवाज होता.

तर काका, मी शिकलो. पण थांबा. हे उत्तर मी देणार नाही. कारण एकदा "शिकतो" म्हटलं की तुम्ही विचारणार, "शिकून झालं ना? मग आता काढ." आणि तुमचं बरोबर असेल. उपयोगाच्या भाषेत एकदा बोलायला लागलं की शेवटी गाळेच जिंकतात. भाड्याचा आकडा असतो, माझ्याकडे आकडा नाही.

माझ्याकडे काय आहे ते सांगतो. शनिवारी सकाळी, शुक्रवारच्या रात्रीच्या एसटीची झोप डोळ्यांवर असताना, मी चहा घेऊन लाइनवर फिरतो. खऱ्या रेल्वेत कीमन फिरतो तसा. रात्रीत पडलेली बोराची पानं उचलायची. स्लीपरखाली मुंग्यांनी काढलेली माती झाडायची. एखादी गोगलगाय रुळावर असेल तर तिला तुळशीकडे सोडायचं. रुळांच्या कडेने मी ऑफिसटाइम लावलंय. बारीक पानांमुळे ते डब्यांशेजारी झुडपाएवढं दिसतं, आणि दहाच्या सुमारास फुलतं. मग पहिली गाडी सोडायची. बार्शी लाइट ताशी २० किलोमीटरने जात असेल असं धरलं, तर सतरापट लहान गाडीने सेकंदाला ३३ सेंटिमीटर जायला हवं. म्हणजे एक फेरी ७३ सेकंदांची. त्या ७३ सेकंदांत मी काहीही करत नाही. फक्त बघतो. गाडी पेरूच्या बुंध्यामागे जाते, दिसेनाशी होते, आणि पलीकडून येते. येणार हे माहीत असतं. तरी आल्यावर बरं वाटतं.

एवढंच. याला उपयोग म्हणत नाहीत. याला आनंद म्हणतात, आणि आनंदाला दुसऱ्या कशाची पावती लागत नाही.

मित्राला उत्तर

सिम्युलेटर वाईट नाही. मीही खेळतो. पण दिवसाचे दहा तास मी अशा जगात असतो जिथे चूक परत घेता येते. कोड बिघडला तर मागची आवृत्ती आणायची. सर्व्हर पडला तर नवा उभा करायचा. मातीला मागची आवृत्ती नसते. स्लीपर चुकीचा कापला की तो सागाचा तुकडा संपला. पाऊस आला की आला. सिम्युलेटरमधला पाऊस मी सेटिंगमध्ये जाऊन बंद करू शकतो आणि नेमकी तिथेच त्याची मजा संपते. माझ्या गाडीला थांबवायची ताकद एका मुंगळ्याच्या वारुळात आहे, आणि ते वारूळ मी तयार केलेलं नाही.

टीम लीडला उत्तर

तुला तर मी आपल्याच धंद्यातलं सांगतो. आपण दर वर्षी 'हॅकेथॉन' करतो. पिझ्झा मागवतो, रात्रभर जागतो, शेवटी एक स्लाइड दाखवतो. 'हॅक' या शब्दाला आपला आजचा अर्थ कुठे मिळाला माहीत आहे? एमआयटीच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबमध्ये. १९४६ मध्ये स्थापन झालेला, छोट्या आगगाड्यांचा क्लब. काही मुलं डबे रंगवायची. काही टेबलाखाली आडवी होऊन, टेलिफोनचे जुने रिले जोडून सिग्नल चालवायची. त्यांच्या बोलीत हॅक म्हणजे केवळ करण्याच्या मजेसाठी केलेली हुशार करामत. पुढे त्यांतलीच काही मुलं कम्प्युटरकडे वळली आणि १९६२ चा 'स्पेसवॉर' हा खेळ त्या मंडळींतून आला. स्टीव्हन लेव्हीच्या 'हॅकर्स' या १९८४ च्या पुस्तकाची सुरुवातच या क्लबपासून होते.

आता तू म्हणशील, "बघ, म्हणजे उपयोग झालाच ना!" झाला. पण ती मुलं टेबलाखाली शिरली तेव्हा त्यांना तो ठाऊक नव्हता. त्यांना गाडी योग्य रुळावर वळवायची होती. कुणी त्यांना आठवड्याला तीन व्हिडिओ टाकायला लावले असते, तर त्यांनी टेबलाचा वरचा भागच सजवला असता. कारण कॅमेऱ्याला तोच दिसतो.

मी एकदा रील काढलं होतं. खोटं कशाला बोलू. पंधरा सेकंदांचं. ते काढताना मी गाडी चार वेळा परत सोडली, कारण उजेड नीट नव्हता. पाचव्या वेळी लक्षात आलं की चारही फेऱ्या मी स्क्रीनमध्ये बघितल्या. गाडी पेरूमागून आली तेव्हा मी लाइक्सचा विचार करत होतो. रील डिलीट केलं. आपल्या पिढीने प्रत्येक आवडीला दुकान लावायचं ठरवलंय. गाता येतं, मग चॅनेल काढ. केक येतो, मग ऑर्डर घे. धावतोस, मग ॲपवर दाखव. नोकरी संपल्यावर जे उरतं तेही नोकरीसारखं केलं, तर मग आपण सुटतो कधी?

आणि जो प्रश्न कुणी विचारला नाही

या तिघांपेक्षा अवघड आक्षेप चौथा आहे, आणि तो मीच माझ्यावर घेतो. परस असलेलं घर आहे, पगार आहे, शनिवार-रविवार मोकळे आहेत, म्हणून हे सुचतं. तीन वर्षांत माझे साधारण ४० हजार गेले. कुणाचा हा चार महिन्यांचा किराणा आहे. पुण्यात माझ्या खोलीला गॅलरीसुद्धा नाही, तिथे मी हा लेख लिहिलाच नसता.

मान्य. पण यातून छंद सोडावा असं निघत नाही. मोकळी माती आणि मोकळा वेळ जास्त लोकांना मिळावा असं निघतं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. एका माणसाच्या वेडातून आलेली गोष्ट, आणि शाळेची पोरं तिथे काचेला नाक लावून उभी असतात. गावोगावच्या बागांत आपण पेव्हर ब्लॉक बसवतोय. त्यातला एक कोपरा मातीचा ठेवून पोरांच्या हातात टिकाव दिला तर काय बिघडेल?

वेळेचं मात्र मला आईने सुनावलं. मी जेवताना तावातावाने हेच सगळं बोलत होतो. ती म्हणाली, "तुला निदान विचारतात तरी, उपयोग काय म्हणून. मी काही बिनउपयोगाचं करावं, एवढा वेळच कुणी ठेवला नाही माझ्याकडे." यावर माझ्याकडे प्रतिवाद नव्हता. आजही नाही. पुढच्या शनिवारपासून सकाळचा स्वयंपाक मी करतो. गाडी अकराला सुटते. आई तोवर काय करते ते मी विचारत नाही.

आजी मात्र गाडी बघायला रोज पायरीवर येऊन बसते. तिने खऱ्या गाडीने पंढरीच्या वाऱ्या केल्यात. माझ्या गाडीत तिला एकच खोट दिसते. "फार वेळेवर येते ही."

तर काका

गेल्या आठवड्यात गाळ्यांची मोजणी झाली. फक्की मारली, लाइनदोरी बांधली. दोरी माझ्या रुळांना दोन ठिकाणी छेदून जाते. दिवाळीत सगळे बसून ठरवणार आहोत. जमीन सगळ्यांची आहे आणि घराला पैसा लागतो, हे मला कळतं. आजीच्या औषधांची बिलं मीही भरतो. म्हणून बैठकीत मी चारऐवजी तीन गाळे मागणार आहे. चौथ्याचं भाडं माझ्या पगारातून देईन. ते देताना हिशेबाच्या वहीत समोर कारण काय लिहायचं, असं तुम्ही विचाराल.

"आगगाडी" एवढंच लिहा. उपयोगाचा रकाना कोरा ठेवा.