पार्सल गेटपर्यंत वेळेत येते, मग आत का अडकते?

अमरावतीचे हजार एकरांचे वस्त्रोद्योग पार्क, पोहरादेवीचा बंजारा वारसा आणि कारखान्याच्या आतल्या वाटांचे गणित : समजून घ्या सोप्या भाषेत

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातील कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी अमरावतीच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन केले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे त्यांच्याच हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. एक बातमी उद्योगाची, दुसरी वारशाची. पण दोन्हींच्या मुळाशी एक विषय समान आहे : माल योग्य जागी, योग्य वेळी पोहोचवणे.

प्रश्न नेमका काय आहे?

हजार एकर म्हणजे सुमारे चार चौरस किलोमीटर. जागा चौकोनी धरली तर एक बाजू दोन किलोमीटरची. बाहेरून आलेला कुरिअरवाला गेटवर थांबतो, नोंद होते, पार्सल स्टोअरमध्ये जाते. तिथून पुढे ते कोण, कधी आणि कोणत्या रस्त्याने नेणार, हे बहुतेक ठिकाणी फोनवर ठरते. एका छोट्या बेअरिंगसाठी मशीन बंद राहते आणि ते बेअरिंग मात्र गेटजवळच्या रॅकवर पडून असते.

‘मिल्क रन’ म्हणजे काय?

गावात दूध संकलनाची गाडी कशी येते ते आठवा. ती प्रत्येक घरासाठी डेअरीतून वेगळी फेरी मारत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने सगळे थांबे घेत जाते. वाहन उद्योगाने हीच पद्धत ‘मिल्क रन’ या नावाने कारखान्यात आणली.

समजा, स्टोअरपासून प्रत्येकी एक किलोमीटरवर १२ विभाग आहेत. प्रत्येकासाठी स्वतंत्र फेरी मारली तर २४ किलोमीटर होतात. हे विभाग एकाच वर्तुळाकार रस्त्यावर असतील, तर एका फेरीत साधारण आठ-साडेआठ किलोमीटरमध्ये काम होते. शिवाय गाडी किती वाजता येणार हे विभागाला माहीत असल्याने फोनाफोनी थांबते.

सर्वांत जवळचा रस्ता कॉम्प्युटर शोधेल ना?

शोधेल. दहाच थांबे असले तरी ते घेण्याचे क्रम ३६ लाख २८ हजार ८०० होतात, म्हणून सॉफ्टवेअर लागतेच. पण सॉफ्टवेअरला आधी पत्ता लागतो. प्लॉट क्रमांकावरून जमीन कळते. माल उतरवण्याचे दार कोणते, हे कळत नाही. मुंबईचे डबेवाले डब्यावरच्या खुणेत इमारत आणि मजलाही लिहितात, म्हणून अनोळखी हातातूनही डबा नेमका पोहोचतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला पिनकोड आपल्याला टपाल कार्यालयापर्यंत नेतो. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ सुमारे चार बाय चार मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो. प्रत्येक दाराला असा पत्ता देण्याची सोय आज हाताशी आहे.

मग जवळचा रस्ता हाच चांगला का?

नेहमीच नाही. डावीकडून वाहतूक असलेल्या आपल्या देशात उजवे वळण म्हणजे समोरची वाहने जाण्याची वाट पाहणे. फोर्कलिफ्टची वर्दळ, रिव्हर्स घेणारा ट्रेलर, शिफ्ट सुटण्याची वेळ हे सगळे नकाशावर दिसत नाही. थोडी लांब पण एकेरी फेरी अनेकदा लवकर पूर्ण होते आणि अपघातही टाळते.

बंजारा समाजाच्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे देशभर फिरत, ते चारा-पाण्याचे मुक्काम पाहून. वाटेची पारख तांड्याच्या नायकाला असे.

आता काय करायला हवे?

तयार रस्त्यांवर नंतर पत्ते चिकटवण्यापेक्षा, पार्क उभे राहत असतानाच प्रत्येक दाराला क्रमांक, मालवाहू फेरीचा एकेरी रस्ता आणि चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखणे स्वस्त पडेल. एमआयडीसीने हे आराखड्यातच बसवावे. फेरीच्या वेळा ठरवताना रोज ती फेरी मारणाऱ्या कामगाराला विचारावे. कोणत्या वळणावर गाडी अडते, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. आणि मोजमाप ‘त्याने दिवसभरात किती पार्सल दिली’ याचे नको. ‘पार्सल गेटपासून टेबलापर्यंत यायला किती वेळ लागला’ याचे हवे. पत्ता चुकीचा, रस्ता बंद आणि उशिराचा दंड मात्र कंत्राटी पोराला, हा न्याय नव्हे.

अशा पार्कांत रोजगार मिळेल या आशेवर वाशीम-यवतमाळच्या गावांतले आणि तांड्यांवरचे तरुण आहेत. त्यांतल्या अनेकांची सुरुवात स्टोअर आणि ने-आणीच्या कामापासूनच होईल. ज्यांच्या पूर्वजांनी देशाचा माल वाहिला, त्यांच्या वाट्याला नुसती धावपळ येऊ नये. वाट आखताना त्यांचाही शब्द असायला हवा.