मामाची मुलगी: चाल आहे, हक्क नाही

लातूरच्या एका शिकवणीत शिकवणारे हरियाणाचे एक सर विद्यार्थ्याच्या भावाच्या लग्नाला उदगीरला आले होते. नवरी नवरदेवाच्या सख्ख्या मामाची लेक, हे कळलं आणि त्यांचा जिलेबीचा घास हातातच राहिला. "म्हणजे बहिणीशी लग्न?" पंगतीत शेजारी बसलेले आजोबा शांतपणे म्हणाले, "बहीण मावशीची. मामाची कुठं बहीण असती?"

सरांचा आक्षेप आता आपल्याच शिकलेल्या पोरांच्या तोंडीही ऐकू येतो: ही चाल अनीतीची आणि मागासलेपणाची आहे. आधी अनीतीचं पाहू. हरियाणात स्वतःचं, आईचं, आजीचं गोत्र टाळतात. गावातली मुलगीही करत नाहीत. आपल्याकडे चुलत आणि मावसबहीण वर्ज्य. मामाची लेक चालते, पण अनेक घरांत आत्याची चालत नाही, कारण 'दिलेला वेल परत फिरू नये'. म्हणजे नियम इथंही आहेत, फक्त रेघ वेगळ्या जागी ओढली आहे. देगलूरपलीकडे तेलंगणात 'मेनरिकम', म्हणजे मामाच्या लेकीशी लग्न, चालतं. तिथं काही समाजांत थोरल्या बहिणीच्या लेकीशीही लग्न होतं. ते ऐकून आपला मामा, जो भाचीच्या पाठीशी उभा राहून तिला बोहल्यावर चढवतो, तोही कानावर हात ठेवील. नांदेडच्याच मुस्लिम घरांत चुलत भावंडांचं लग्न होऊ शकतं. एकाची बहीण ती दुसऱ्याची नवरी.

आपल्या चालीचा पुरावा तर जिभेवर आहे. लांबच्या, अनोळखी घरात पडलेली सूनही सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणते. बौधायन धर्मसूत्रात ही दक्षिणेची रूढी म्हणून नोंदली आहे. अर्जुनाची सुभद्रा मामाचीच मुलगी. इरावती कर्व्यांनी 1953 च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात घातला, तो उगाच नव्हे.

आणि मागासलेपण? चार्ल्स डार्विननं 1839 मध्ये एमा वेजवूडशी लग्न केलं. ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. डार्विनला मागासलेला म्हणायचं धाडस कुणी करावं!

पण इथंच आपले वडीलधारे टाळी वाजवतात: "बघा, डार्विननंही केलं, मग काय बिघडलं?" त्यांनी डार्विनची पुढची गोष्टही ऐकावी. त्याच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली, आणि आपल्या लग्नाचाच हा दोष असेल का, ही शंका त्याला छळत राहिली. 1871 च्या जनगणनेत अशा लग्नांची नोंद व्हावी म्हणून त्यानं खटपट केली. ब्रिटिश संसदेनं ती मागणी फेटाळली. आजचं वैद्यक सांगतं की मामे-आते भावंडांत सुमारे एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात. एरवी शंभरातल्या दोन-तीन बाळांत जन्मजात दोष आढळतो, अशा जोडप्यांत हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे बहुतेक बाळं धडधाकटच जन्मतात, पण धोका खोटा नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात सोयरीक झाली तर तो साठत जातो. म्हणून अशा लग्नाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लाजू नये.

याहून मोठा दोष रक्तात नाही, तो बारशात आहे. आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करते, नाव ठेवते आणि तिथंच हसत म्हणते, "नाव मी ठेवलं, सून माझी!" सगळे हसतात. पुढं पोरगी 'नीट' परीक्षेचा अभ्यास करते, तिला लातूरबाहेर जायचं असतं, तेव्हा ते हसणं त्या बोलाची आठवण करून देतं. मामानं नकार दिला तर बहीण माहेर तोडते. रुसवा मोठ्यांचा, आणि त्याची किंमत मोजते ती जिला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा चालीला शिव्या देऊ नका आणि तिला आरतीही ओवाळू नका. पोरा-पोरीचं मन जुळत असेल, दोघं वयात आली असतील, डॉक्टरांना विचारलं असेल, तर मामाच्या मांडवात खुशाल अक्षता टाका. नसेल, तर नातं मोडू नका, सोयरीक सोडा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं भाऊ-बहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध ठरवलं आणि जिथं रूढी आहे तिथं सूट दिली. त्यानं सूट दिली ती रूढीला. आत्याला हक्क दिलेला नाही.