रौद्रांतून करुण

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं संध्या आटोपून मी ओटीवर येतों तों माडीवरून अशी कांहीं गर्जना कानीं आली कीं, घरांत कोणाचें तरी भांडण जुंपलें असावें अशी माझी समजूत झाली. वर जाऊन पाहतों तों आमची नात चि. वसुधा डोळे मिटून स्वस्थ बसलेली! "आजोबा, हें गाणें आहे," ती म्हणाली, "आणि गाणारी बाई आहे." सारी हयात मुलांना 'हळू बोला' असें सांगण्यांत घालविलेल्या मास्तरानें यावर काय म्हटलें असेल, तें वाचकांस सांगावयास नकोच.

"निंदा खुशाल करा, पण आधीं सबंध ऐका," वसुधेनें अट घातली. पूर्वपक्ष ऐकून घेतल्यावांचून खंडन करूं नये, हें मींच तिला शिकविलेलें. तेव्हां बसणें प्राप्त झालें.

तो गीतसंग्रह म्हणजे 'स्पिरिटबॉक्स' नांवाच्या कॅनडांतील वाद्यवृंदाचा 'इटर्नल ब्लू' हा पहिला पूर्ण संग्रह. तो 17 सप्टेंबर 2021 रोजीं प्रसिद्ध झाला व अमेरिकेच्या 'बिलबोर्ड 200' या यादींत तेराव्या स्थानापर्यंत चढला. गायिका कोर्टनी लाप्लांट व गिटारवादक माइक स्ट्रिंगर हें दांपत्य. पूर्वीच्या एका वाद्यवृंदांतून बाहेर पडून त्यांनीं व्हँकूव्हर बेटावर हा नवा डाव मांडिला. या संगीतास 'मेटलकोअर' म्हणतात. 'हार्डकोर पंक' व 'हेवी मेटल' या दोन उग्र प्रकारांच्या संकरांतून तें जन्मास आलें. गिटारीच्या तारा नेहमींपेक्षां बऱ्याच खालीं उतरवून लाविलेल्या असतात. आणि मध्येंच लय मंदावून घणाचे घाव पडावेत तसे आघात होतात, त्यास 'ब्रेकडाउन' अशी संज्ञा आहे.

ती गर्जना म्हणजे निव्वळ आरडाओरड, असा माझा समज होता. तो खोटा ठरला. कंठांतील स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. त्यांचा उपयोग करून गळ्यास इजा न होऊं देतां असा ध्वनि काढण्याचा अभ्यास करावा लागतो. 'होली रोलर' या गाण्यांत लाप्लांटबाईंची गर्जना अंगावर येते. 'सिक्रेट गार्डन'मध्यें त्याच बाई मोकळ्या, सुरेल आवाजांत गातात. शब्द मात्र लिहिलेले समोर धरल्यावांचून मला बहुतेक कळले नाहींत. तेवढा दोष मी पदरांत घालणारच.

बारावें व शेवटचें गाणें 'कॉन्स्टन्स'. वसुधा म्हणाली, "हें तिच्या आजीसाठीं आहे." सन 2020 मध्यें, महामारीच्या काळांत, गायिकेची आजी निवर्तली आणि अंत्यविधीस जाणें नातीला शक्य झालें नाहीं. गाणें बव्हंशी सुरेल आहे. इतका वेळ जी गर्जत होती, तिच्या पोटांत हें दडलें होतें!

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत रौद्रापासून करुणाची उत्पत्ति सांगितली आहे. हें सूत्र मीं वर्गांत वर्षानुवर्षें घोकून घेतलें. पण त्याचा अर्थ मला कळला तो त्या माडीवर.

त्याच वर्षीं मिरजेस आमची आक्का गेली. प्रवासास बंदी. मला अंगाखांद्यावर खेळविणाऱ्या वडील बहिणीचें शेवटचें दर्शन मीं हातांतल्या दूरध्वनीच्या चिमुकल्या कांचेवर घेतलें, स्नान केलें आणि खुर्चींत जाऊन बसलों. त्या दिवशीं मोठ्यानें ओरडावेंसें वाटलें होतें. पण घरांत सुना-मुलें होतीं, आणि मास्तर ओरडत नसतो. तें ओरडणें तसेंच आंत राहिलें.

या साऱ्या प्रकारास उत्तम संगीत म्हणण्यास मी अजून तयार नाहीं. माझे कान भूप-यमनावर वाढले; ते आतां बदलणार नाहींत. परंतु घरोघरच्या वडील मंडळींस एक विनंति आहे. मुलें दार लोटून असें कांहीं ऐकत असतील, तर 'तें आधीं बंद कर' म्हणण्यापूर्वीं घटकाभर जवळ बसावें आणि यांत तुला काय सांपडतें तें विचारावें. मीं वसुधेस विचारलें, तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आक्काआजी गेली, तेव्हांपासून मी हें ऐकतें."

मला तें ठाऊकच नव्हतें.